बेडकांच्या निवाऱ्यासाठी वनस्पतींची निवड : चेन्नईतील घरबागेच्या संदर्भात

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्वचेतून शोषतो. श्वसनाचा काही भागही त्वचेवाटेच होतो. त्यामुळे पानावर, मातीत किंवा पाण्यात जे मिसळलेले असेल ते थेट त्याच्या शरीरात जाते. घरी बेडकांसाठी निवारा करताना वनस्पती कोणती, यापेक्षा ती कोठून आणली व तिच्यावर काय फवारले गेले, हा प्रश्न म्हणूनच आधी येतो.

निवारा म्हणजे काचपेटीच, असे मात्र नाही. भारतीय बुलफ्रॉग १९८५ पासून साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. तोवर शेतातील हा कीटकभक्षक टनावारी परदेशी गेला होता. स्थानिक बेडूक पकडून पाळण्याचा सल्ला विस्तार कार्यकर्त्यांनी वनविभागाला विचारल्याशिवाय कोणासही देऊ नये. साइटीस यादीतील विदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. अशा अनुज्ञेय जातीची पेटी जाळीच्या झाकणाची असावी व तिच्यावर थेट ऊन पडू नये. चेन्नईत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बाल्कनीतील काचपेटी तेव्हा भट्टीच ठरते. याहून सोयीचा मार्ग म्हणजे बेडूक आपणहून येतील व जातील, अशी बाग.

रोपवाटिकेतील शोभिवंत रोपांना इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके दिलेली असू शकतात. ती ऊतींत मुरतात. पाने धुऊन निघत नाहीत आणि मातीत महिनोन्‌महिने टिकू शकतात. न फवारलेल्या घरगुती कुंडीतील फांदी किंवा कंद लावणे सर्वांत उत्तम. रोप विकतच घ्यावे लागले, तर जुनी माती काढून मुळे धुवावीत, नवीन मातीत लावावे आणि काही आठवडे वेगळे ठेवावे. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांनी धुवावे. युरियाचे दाणे कुंडीच्या पृष्ठभागावर टाकू नयेत. तणनाशकांबाबत विशेष दक्षता हवी : ग्लायफोसेटच्या काही उत्पादनांतील पृष्ठक्रियाकारक घटक बेडूकमाशांना मूळ रसायनापेक्षाही अधिक घातक ठरतो.

कर्दळ, अळू, केळ, नेचे आणि मनीप्लांट ही झाडे उपयुक्त आहेत. केळीच्या व अळूच्या देठांच्या बेचक्यांत दिवसभर ओलावा राहतो. सामान्य झाडबेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या पानाला किंवा टाकीच्या भिंतीला फेसाचे घरटे चिकटवते; पिल्ले त्यातून खाली पाण्यात पडतात. कर्दळीचे पान पाण्यावर यावे, अशी कुंडी ठेवण्याचे कारण हेच. निवडुंग व चीक असलेल्या काटेरी युफोर्बिया टाळाव्यात.

पाण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवून वापरावे. खारे बोअरचे पाणी वापरू नये. उभ्या कडांच्या टाकीत भेक बुडून मरतात, म्हणून एका बाजूस दगडांचा उतार करावा. बेडूक डास खाऊन संपवतील, ही समजूत सोडावी. शहरी हिवतापाचा वाहक ॲनोफिलिस स्टीफेन्सी घरच्या टाक्यांत व विहिरींतच वाढतो. बेडूकमासे नसताना टाके दर आठवड्यास रिकामे करून घासावे. ते असताना डासांच्या अळ्या चहाच्या गाळणीने रोज काढाव्यात. गप्पी किंवा गॅम्बुसिया सोडल्यास डासांबरोबर बेडकांची अंडी आणि पिल्लेही संपतात. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, त्यामुळे टाके सप्टेंबरअखेर तयार हवे. महाराष्ट्रात हीच तयारी मे महिन्यात करावी लागते.

बेडूक एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊन सोडू नयेत. मुख्य भूमीवरील बुलफ्रॉग मत्स्यबीजाबरोबर अंदमानात पोहोचला, आणि आता त्याचे बेडूकमासे तेथील मूळ जातींची पिल्ले खातात. कातडीवरील कायट्रिड बुरशीही अशाच वाहतुकीतून पसरते. घर बदलताना कुंड्यांच्या तळाची छिद्रे आणि पानांच्या बेचक्या तपासाव्यात. बेडूक आढळल्यास ओल्या हाताने उचलून त्याच आवारात सावलीत सोडावा.