रिकामी कबर

येशू ख्रिस्ताला यरुशलेमेत क्रुसावर खिळले, तो शुक्रवार होता. त्याचे शिष्य भयाने पांगले. त्याचा देह खडकातील कबरेत ठेवून दाराशी मोठी धोंड लोटण्यात आली. रविवारी पहाटे मग्दालिया मरीया व इतर काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन तेथे निघाल्या. एवढी जड धोंड आपल्याने कशी सरणार, ही त्यांना चिंता होती. पाहतात तो धोंड सरलेली आणि कबर रिकामी! ख्रिस्त मरणातून उठला, ही ख्रिस्ती लोकांची श्रद्धा होय. ईस्टर हा त्या पुनरुत्थानाचा सण.

वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी तो येतो. आदल्या रात्री अनेक चर्चमध्ये दिवे मालवितात. अंधारात प्रथम एकच मोठी मेणबत्ती उजळते. तिच्या ज्योतीवरून हळूहळू शेकडो मेणबत्त्या पेटतात. अंडे हेही या सणाचे प्रतीक आहे. बाहेरून ते कबरेसारखे निश्चल. पण कवच फुटते आणि जीव बाहेर येतो. ग्रीसमध्ये ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण म्हणून अंडी तांबडी रंगवितात.

शोक करीत गेलेल्या स्त्रियाच आनंदाची वार्ता घेऊन धावत परतल्या. दुःखाची धोंड कितीही जड असो, आशा सोडू नये, हेच ईस्टर सांगतो.

प्रश्न : मेणबत्ती व अंडे ही कशाची प्रतीके आहेत?