शून्याचं ऐका, शंभराला भुलू नका : रुबीतलं कोड कव्हरेज

तुम्ही प्रोग्राम लिहिलात, त्याच्या चाचण्या लिहिल्या, त्या चालवल्या आणि सगळ्या हिरव्या झाल्या. छान. पण या चाचण्यांनी प्रोग्रामच्या नेमक्या कोणत्या ओळींना हात लावला? दोनशे ओळींचा प्रोग्राम असेल आणि चाचणी पहिल्या दहा ओळींतूनच परत फिरत असेल, तरीही निकाल हिरवाच दिसतो. उरलेल्या एकशे नव्वद ओळी पहिल्यांदा चालतात त्या थेट ग्राहकाच्या हातात.

हा प्रश्न जुना आहे. जोन मिलर आणि क्लिफर्ड मलोनी यांनी १९६३ साली प्रोग्राममधल्या चुका पद्धतशीरपणे कशा शोधाव्यात यावर एक शोधनिबंध लिहिला. प्रोग्रामचा कोणता भाग चाचणीत चालला याचा हिशेब ठेवण्याची कल्पना त्यात आहे. आज आपण त्याला कोड कव्हरेज म्हणतो. रुबी भाषेत ते कसं मोजतात, आणि त्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा, ते आज पाहू.

मोजायचं कसं?

त्यासाठी वेगळं काही विकत किंवा उतरवून घ्यावं लागत नाही. रुबीच्या १.९ या आवृत्तीपासून 'कव्हरेज' नावाची लायब्ररी भाषेसोबतच येते. काम तीन टप्प्यांत होतं. आधी 'कव्हरेज' लायब्ररी मागवून तिची 'स्टार्ट' ही मेथड बोलवायची. मग जी फाइल मोजायची ती लोड करून चालवायची. शेवटी 'रिझल्ट' ही मेथड बोलवायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. रुबी फाइल लोड करतानाच तिच्यात मोजणीची सोय पेरते, त्यामुळे 'स्टार्ट'च्या आधी लोड झालेल्या फाइली हिशेबात येत नाहीत. 'सगळ्या चाचण्या चालल्या, मग कव्हरेज शून्य कसं?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

'रिझल्ट'मधून एक हॅश मिळतो. त्यात प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक अ‍ॅरे असतो, आणि अ‍ॅरेत फाइलच्या प्रत्येक ओळीसाठी एक नोंद. नोंद तीन प्रकारची असू शकते :

– एक किंवा त्याहून मोठा आकडा : ओळ तितक्या वेळा चालली.
– शून्य : ओळ चालू शकली असती, पण चालली नाही.
– 'निल' : ही ओळ चालण्याजोगीच नाही. रिकामी ओळ, टिप्पणी, नुसता 'एल्स' किंवा 'एंड'.

शून्य आणि 'निल' यांत गल्लत करू नका. टक्केवारी काढताना 'निल' ओळी धरतच नाहीत.

एक छोटं उदाहरण

लीप वर्ष ओळखणारी मेथड घेऊ. नियम आपल्याला माहीत आहे : चारने भाग जाणारं वर्ष लीप, पण शंभरने भाग गेला तर नाही, आणि चारशेने भाग गेला तर पुन्हा लीप. मेथड मराठीत मांडली तर अशी :

ओळ १ : मेथड सुरू, 'वर्ष' हा आकडा घे
ओळ २ : चारशेने भाग जात असेल तर 'हो' म्हणून परत जा
ओळ ३ : शंभरने भाग जात असेल तर 'नाही' म्हणून परत जा
ओळ ४ : चारने भाग जातो का, ते उत्तर दे
ओळ ५ : मेथड संपली

चाचणीत दोन वर्षं दिली : २०२३ आणि २०२४. अ‍ॅरे येतो : १, २, २, २, निल. पहिल्या ओळीसमोर १ आहे, कारण फाइल लोड होताना मेथडची व्याख्या एकदाच होते. बाकीच्या ओळी दोनदा चालल्या. एकही शून्य नाही, म्हणजे कव्हरेज शंभर टक्के!

आता नीट पाहा. ओळ २ आणि ३ यांमधली अट दोन्ही वेळा तपासली गेली, पण 'परत जा' हा भाग एकदाही चालला नाही. उद्या कोणी ओळ ३ मध्ये 'नाही'च्या जागी चुकून 'हो' लिहिलं, तरी या चाचण्या हिरव्याच राहतील.

याच त्रुटीसाठी २०१७ च्या नाताळात आलेल्या रुबी २.५ मध्ये फांद्यांची मोजणी, म्हणजे ब्रँच कव्हरेज, आलं. 'स्टार्ट'ला तसं सांगितलं की प्रत्येक अटीच्या दोन्ही फांद्या वेगळ्या मोजल्या जातात. आपल्या उदाहरणात चार फांद्या आहेत आणि त्यांतल्या दोन शून्यावर, म्हणजे कव्हरेज पन्नास टक्के. चाचणीत १९०० आणि २००० ही वर्षं घाला. ओळ २ चार वेळा चालेल, ओळ ३ तीन वेळा (२००० आधीच परत गेलं), ओळ ४ दोन वेळा (१९०० ही गेलं), आणि चारही फांद्या भरतील.

मात्र हेच तीन नियम 'आणि', 'किंवा' या चिन्हांनी एकाच ओळीत जोडून लिहिले, तर रुबीचं ब्रँच कव्हरेज त्यांना फांद्या मानत नाही. तिथे पुन्हा आंधळेपणा येतो.

आकडे आणखी काय सांगतात?

ओळ 'चालली की नाही' यापेक्षा 'किती वेळा चालली' हा आकडा कधीकधी जास्त बोलका असतो. फिबोनाची श्रेणीतलं विसावं पद काढणारी साधी मेथड घ्या, जी स्वतःलाच दोनदा बोलावते. उत्तर येतं ६,७६५. पण मेथडच्या आतल्या पहिल्या ओळीसमोरचा आकडा असतो २१,८९१! आधी काढलेली पदं एका हॅशमध्ये जपून ठेवली, तर तोच आकडा ३९ वर येतो. उत्तर दोन्ही वेळा तेच, त्यामुळे चाचणीला यातला फरक कधीच कळला नसता.

पण वारंवारता म्हणजे वेळ नव्हे. लाख वेळा चालणारी बेरीज क्षणात उरकते आणि एकदाच चालणारी डेटाबेसची विचारणा सगळा वेळ खाऊ शकते. वेळ मोजायला प्रोफाइलर हे वेगळं साधन आहे.

शंभर टक्क्यांचा मोह

रुबीच्या प्रकल्पांत बहुतेक जण 'सिंपलकव्ह' ही लायब्ररी वापरतात. आतून ती हीच मोजणी वापरते आणि हिरव्या-लाल ओळींचा सुबक अहवाल देते. ठरावीक टक्केवारीच्या खाली गेलं तर चाचण्या नापास करण्याची सोयही तिच्यात आहे. गडबड इथेच सुरू होते. टक्केवारी हेच ध्येय झालं की माणसं मेथड नुसती बोलावणाऱ्या आणि उत्तर न तपासणाऱ्या चाचण्या लिहू लागतात. ओळी चालतात, आकडा वाढतो, तपासलं मात्र काहीच जात नाही.

याहून मोठी मर्यादा वेगळी आहे. समजा आपल्या मेथडमध्ये ओळ २ आणि ३ कोणी लिहिल्याच नाहीत, फक्त 'चारने भाग जातो का' एवढंच ठेवलं. २०२३ आणि २०२४ च्या चाचण्या पास. ओळींचं कव्हरेज शंभर टक्के, आणि एकही फांदी सुटलेली नाही, कारण फांदीच नाही. प्रोग्राम मात्र १९०० ला लीप वर्ष म्हणणार. ही चूक काल्पनिक नाही. लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, आणि त्याच्याशी जुळतं राहावं म्हणून एक्सेलनेही ते तसंच ठेवलं. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही कधी उगवलीच नाही अशी तारीख आजही सापडते. गंमत म्हणजे २००० सालाने अशा प्रोग्रामला पकडलं नसतं, कारण ते खरंच लीप वर्ष होतं. पकडेल ते २१००.

जी ओळ लिहिलीच नाही, तिच्यासमोर शून्यसुद्धा उमटत नाही. ती उणीव शोधायला नियम माहीत असलेला माणूसच लागतो.

म्हणून अहवाल वाचताना टक्केवारीपासून सुरुवात करू नका. आधी शून्यं पाहा. शून्य पुरावा देतं : या ओळीबद्दल तुमच्या चाचण्यांना काहीही माहीत नाही. ती ओळ पैशांचा हिशेब करते की नुसता संदेश छापते, हे पाहून चाचणी लिहायची की नाही ते ठरवा. एक किंवा त्याहून मोठा आकडा मात्र 'इथून कोणीतरी गेलं' एवढंच सांगतो, बरोबर गेलं की नाही ते सांगत नाही.

करून पाहा : वरची मेथड रुबीत लिहा (हवं तर मेथडचं नाव देवनागरीत द्या, रुबीला चालतं). २०२३, २०२४, १९०० आणि २००० यांपैकी एकेक वर्ष चाचणीतून काढा आणि प्रत्येक वेळी कोणता आकडा बदलतो ते आधी वहीत लिहून मग ताडून पाहा. दोन वर्षं अशी सापडतील की त्यांपैकी कोणतंही एक काढल्यावर ओळींमध्ये किंवा फांद्यांमध्ये एकही नवं शून्य येत नाही. ती दोन्ही वर्षं चाचणीत ठेवायची की नाही, आणि का, हे तुम्ही ठरवा.