खाऱ्या वाऱ्यातलं इंजिन

अलिबागला बाइक किनाऱ्यापासून लांब लावली, तरी इंजिनावर पांढरी भुकटी येतेच. हवेतलं मीठ ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर जागोजागी फोडतं आणि तिथे बारीक खड्डे पडू लागतात. लोखंडाच्या गंजासारखी ती लाल दिसत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पोलादी बोल्टभोवती मात्र धातू जास्त खाल्ला जातो, कारण ओल्या मिठात हे दोन धातू एकमेकांना लागले की झिजतं ते ॲल्युमिनियमच.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कार्ब्युरेटरचं तोंड, सायलेन्सर, ब्रीदर आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने बांधून घ्या. प्लग जागेवरच राहू द्या. आधी गोडं पाणी आणि भांड्यांचा साबण वापरून तेलकट मळ काढा. समुद्राजवळच्या विहिरी-बोअरचं पाणी अनेकदा मचूळ असतं, त्याने धुतलं तर मीठच पुन्हा माखलं जातं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी बादलीत धरलं तर उत्तम.

भुकटी नायलॉनच्या ब्रशने, फिन्समध्ये जुन्या टूथब्रशने घासा. लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तेच गंजतात. जे निघत नाही त्यावर 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून लावा. 10 मिनिटं ओलं ठेवा, घासा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून भरपूर धुवा. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा हवाच. कॉस्टिक सोडा आणि संडास साफ करायचं ॲसिड अजिबात नको. त्यांनी मळ झटकन निघतो खरा, पण धातूच विरघळतो.

अडकलेला बोल्ट ताकदीने फिरवलात तर आटे त्याच्याबरोबर बाहेर येतील. पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर थांबा, मग थोडं उलटं-सुलटं करत सोडवा. परत बसवताना ॲल्युमिनियमला चालणारं अँटीसीझ लावा. तांब्याचं इथे बरं नाही.

हेड उघडलंच असेल, तर ब्लॉकच्या सपाट तोंडाला पॉलिश पेपर लावू नका. गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, वर सरळ पोलादी पट्टी ठेवा आणि खालून फीलर गेज सरकवून बघा. किती फट चालते ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. खड्डा गॅस्केटच्या रेषेत असेल तर एम-सीलचे प्रयोग न करता टर्नरकडे न्या.

वाळल्यावर चेंबरला बाहेरून प्रायमर आणि उष्णता सोसणारा रंग द्या. फिन्सवर मात्र अगदी पातळ हात पुरे. जाड थर बसला तर इंजिन तापतं.

होडीच्या ओबीएमला, म्हणजे मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाला, बाहेरून हीच कृती. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सवड असते. पण ते इंजिन थंड होतं समुद्राच्याच पाण्यावर, म्हणून आधी गोड्या पाण्याचा पाइप जोडून ते चालवून आतले मार्ग धुवून घ्या.