मुदतवाढ कोणाकडे मागायची?

चाकण सोडून ओरगडमच्या वाहन कारखान्यांच्या पट्ट्यात आलो २०२४च्या दिवाळीनंतर. त्या वर्षाचं रिटर्न भरताना झालेल्या फजितीतून हाती लागलेलं एवढंच:

१. मुदत मागून मिळत नाही. न्यू जर्सीतला चुलतभाऊ फॉर्म ४८६८ भरतो आणि १५ एप्रिलचं रिटर्न १५ ऑक्टोबरला देतो; कारणही कुणी विचारत नाही. (कर मात्र त्यालाही एप्रिलमध्येच भरावा लागतो.) आपल्याकडे पगारदाराला तसा अर्जच नाही. वाढवलीच तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ सरसकट वाढवतं. मे २०२५मध्ये मंडळाने ३१ जुलैची १५ सप्टेंबर केली आणि मी निवांत झालो.

२. तारीख पुढे गेली म्हणून व्याज थांबत नाही. माझ्याकडे दोन कंपन्यांचे दोन फॉर्म १६. करमुक्त टप्पा आणि स्टँडर्ड डिडक्शन दोघांनीही धरलेलं. दोष माझाच, जुन्या पगाराचा तपशील नव्या एचआरला दिलाच नव्हता. कर निघाला ४८ हजार, त्यावर कलम २३४बीचं व्याज १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का. दोन्ही फॉर्म जूनमध्येच आले होते, मी उघडले सप्टेंबरात.

३. ओरगडम म्हणजे चेन्नई नव्हे. आईला मीही चेन्नईच सांगतो, पण जिल्हा कांचीपुरम. घरभाडे भत्त्याच्या हिशेबात चेन्नईला पगाराचे ५० टक्के धरतात, इथल्या घराला ४०.

४. भाड्याच्या पावत्या महिन्याच्या महिन्याला घ्याव्यात. नोव्हेंबर ते मार्चच्या पाच पावत्या एकदम मागितल्या, तर घरमालक रोज हसून म्हणायचे, "नाळैक्कु, सार." म्हणजे उद्या. आठवडा गेला.

५. विलंब शुल्काला घाबरू नका, जुन्या करप्रणालीला जपा. उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पाच लाखांवर उत्पन्न असेल तर ५,००० रुपये देऊन. पण मग पगारदाराला जुनी प्रणाली निवडता येत नाही. माझं घरभाडं आणि मोशीच्या फ्लॅटच्या कर्जाचं व्याज, दोन्ही वजावटी गेल्या असत्या.

६. ओटीपी येणारा नंबर आधी तपासा. माझ्या आधारला पुण्याचा बंद पडलेला नंबर होता. शेवटी नेटबँकिंगने पडताळणी केली, १५ सप्टेंबरच्या रात्री. त्याच रात्री मुदत आणखी एक दिवस वाढली.