अपुल्लोसाची शिकवणी आणि चार तारांचे वाद्य

वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८, १ इतिहास २५:१-८

पांढुर्णा-सौंसर भागातील आपल्या मंडळ्या लहान. पेटी वाजविणारे माणूस बहुधा एकच असते, आणि ते लग्नकार्यासाठी नागपूरला गेले की त्या रविवारी गीते वाद्याविनाच म्हणावी लागतात. अलीकडे काही मुलांच्या हाती युकुलेली आली आहे. गिटारीहून लहान, किमतीने कमी, चार नायलॉनच्या तारा, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सहज पेलणारी. हे वाद्य रविवारच्या शाळेत कसे शिकावे, आणि त्याहून अवघड म्हणजे शिकणाऱ्याला त्याची चूक कशी सांगावी, याचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. नाताळच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. बारा वर्षांचा एक मुलगा युकुलेलीवर साथ करीत होता. दुसऱ्या ओळीशी आला की तो अडखळे व सगळे गाणे त्याच्यासाठी थांबे. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा मी सर्वांदेखत म्हणालो, "तुला ताल कळतो की नाही?" मुले हसली. त्याने वाद्य बाकावर ठेवले, "मले जमत नाही, सर," एवढेच म्हणाला, आणि पुढचे दोन रविवार तो आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. बऱ्याच मिनतवारीनंतर त्याने वाद्य हाती घेतले. त्या दिवशी मी प्रथमच त्याच्या डाव्या हाताकडे पाहिले. उजवा हात अगदी बरोबर चालला होता. डावा हात अडला तरी पायाचा ठेका चुकत नव्हता. अडचण होती ती कॉर्ड बदलण्याची. तीनही बोटे तो एकदम उचली आणि मग एकेक शोधून ठेवी. ताल हीच त्याची चांगली बाजू होती, आणि मी नेमके तेच त्याच्याजवळ नाही असे म्हणालो होतो. चूक चारचौघांत सांगितली हा माझा एक दोष. सांगितली तीही चुकीची, हा दुसरा.

आता अपुल्लोसाकडे पाहू. तो आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वाचा धनी, शास्त्रात तरबेज. इफिसच्या सभास्थानात तो येशूविषयी आवेशाने बोलू लागला. पण त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचे ठाऊक नव्हते. प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांनी त्याचे बोलणे ऐकले. लूक येथे किती थोडक्यात लिहितो, परंतु प्रत्येक शब्द मोलाचा आहे. त्यांनी आधी ऐकले. सभास्थानात उभे राहून त्याला मध्येच अडविले नाही. त्याला आपल्याजवळ नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. "तुझे सर्व चुकले" असे ते म्हणाले असते तर ते खोटे ठरले असते, कारण येशूविषयी तो जे शिकवीत होता ते बरोबर शिकवीत होता, अशी लूकची साक्ष आहे. जे होते त्यावर त्यांनी भर घातली. आणि पुढे काय झाले? अपुल्लोसाला अखया प्रांतात जायचे होते, तेव्हा बंधुजनांनी त्याला उत्तेजन दिले व तिकडील शिष्यांना पत्र लिहिले. सुधारणा सांगून त्याला घरी बसविले नाही, कामाला पाठविले.

हे जोडपे कोण होते हेही विसरू नये. त्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात त्यांचा धंदा दिला आहे : तंबू शिवणे. एवढ्या विद्वान माणसाने हातावर पोट असलेल्या दोघांचे, त्यांतही एका स्त्रीचे, ऐकून घेतले. उपदेशाच्या वेळी आपण प्रिस्किल्लेची वाखाणणी करतो ती योग्यच आहे, पण अपुल्लोसाच्या ऐकून घेण्याची वाखाणणी मी फारशी ऐकलेली नाही.

इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील पंचविसावा अध्याय नावांच्या यादीमुळे आपण चाळून सोडून देतो. त्यात आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतील गायक-वादकांची मोजणी आहे : बारा-बारांचे चोवीस वर्ग, एकूण २८८. हेमानाला चौदा मुलगे व तीन मुली होत्या, आणि सेवा बापाच्या देखरेखीखाली चाले. आठव्या वचनात मोठी गंमत आहे. पाळीसाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद ठेवला नाही. म्हणजे मंदिरात शिकणाराही वाजवीत होता, पूर्ण तयार होईपर्यंत त्याला बाहेर उभे केले नव्हते. मात्र तो शिकविलेला होता, वाटेल तसे वाजविणारा नव्हता. तेहेतिसाव्या स्तोत्रातही वाद्य कुशलतेने वाजवावे असे सांगितले आहे. भाव शुद्ध असला की झाले, असे जे आपल्याकडे म्हणतात त्याला ह्या दोन ठिकाणी आधार सापडत नाही.

काही वडीलधारी मंडळी विचारतात की हे परदेशी खेळणे देवाच्या घरात कशाला? त्यांच्यासाठी थोडा इतिहास. युकुलेली हवाई बेटांची म्हणून प्रसिद्ध असली तरी तिचे मूळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील लहान गिटारीत आहे. १८७९ च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाच्या जहाजातून उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी मदेराचे लोक होनोलुलूला उतरले. त्यांच्यात लाकूडकाम जाणणारे काही कारागीर होते. त्यांनीच तेथे ही वाद्ये बनविण्यास आरंभ केला. आपल्या अमेरिकन मराठी मिशनची माणसे ज्या बोर्डाने १८१३ साली मुंबईस आणली, त्याच बोर्डाचे मिशनरी १८२० साली हवाईत पोहोचले होते. तेथील शेवटची राणी लिलिउओकलानी मिशनऱ्यांच्या शाळेत शिकली, कावाइआहाओ मंडळीच्या गायकवृंदाची पुढारी झाली, आणि १८९५ साली राजवाड्यात कैदेत असताना तिने एक प्रार्थनागीत रचले. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपले ना. वा. टिळक मुंबईस बाप्तिस्मा घेत होते. राहिली आपली पेटी. तिचा जन्मही युरोपातलाच. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारण्याची पेटी प्रचारात आणली. नभोवाणीने १९४० साली तिला बंदी केली ती १९७१ पर्यंत टिकली. आज पेटीला कोणी परकी म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष वाजविण्याकडे येऊ. पेटीची पांढरी एक 'सा' धरली, तर युकुलेलीच्या तारा हनुवटीकडून जमिनीकडे अशा लागतात : प, सा, ग, ध. यातील प सर्वांत खालचा स्वर नाही, तो सा आणि ग या दोहोंच्याही वरचा आहे. पेटीवाल्याला आरंभी हे विचित्र वाटते. मोबाईलवर स्वर जुळविण्याची सोय मिळते, तिचा उपयोग करावा. नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस ताणत राहतात व पुन्हापुन्हा उतरतात, म्हणून प्रत्येक वेळी वाजविण्याआधी त्या तपासाव्यात. पुष्कळ मुले बेसूर वाद्यावर तास तास मेहनत करतात आणि स्वतःच्या बोटांना दोष देतात. मे महिन्यात वाद्य उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, लाकडाचे सांधे सुटतात.

बोट पडद्याच्या, म्हणजे गिटारवाले ज्याला फ्रेट म्हणतात त्या धातूच्या पट्टीच्या, अगदी मागे दाबावे, पट्टीवर नव्हे. सी कॉर्डला एकच बोट लागते : ध तारेच्या तिसऱ्या पडद्यावर अनामिका. एफला दोन : प तारेच्या दुसऱ्यावर मधले बोट, ग तारेच्या पहिल्यावर तर्जनी. जी सेव्हनला तीन : तर्जनी ग तारेच्या पहिल्यावर, मधले बोट सा तारेच्या दुसऱ्यावर, अनामिका ध तारेच्या दुसऱ्यावर. एवढ्या तीन कॉर्डवर इंग्रजी चालीची पुष्कळ सोपी गीते निघतात.

त्या मुलाचा अडथळा येथेच होता. एफवरून जी सेव्हनला जाताना तर्जनी उचलावी लागतच नाही, ती जागच्या जागी राहते. सीवरून जी सेव्हनला जाताना अनामिका त्याच तारेवर एक पडदा मागे सरकविली की पुरे. हे दाखविल्यावर त्याने चार स्ट्रोक सी, चार स्ट्रोक जी सेव्हन, असे गाणे न म्हणता इतके सावकाश वाजविले की मध्ये थांबण्याची वेळच येऊ नये. रोज दहा मिनिटे. शनिवारी रात्रीच्या दोन तासांपेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक फळ देतात, कारण बोटांना वळण झोपेच्या मध्यंतरानेही लागत असते. वेग वाढवायचा तो हात थांबेनासा झाल्यावरच. जलद वाजवून दर वेळी त्याच जागी थांबले तर थांबण्याचाच सराव होतो.

भजनांची गोष्ट निराळी. टिळकांची भजने किंवा अभंग ह्या कॉर्डमध्ये कोंबू नयेत. तेथे केवळ सा आणि प या मोकळ्या तारांचा आधार द्यावा, इतर दोन बोटाने हलक्या दाबून मुक्या कराव्यात, आणि उजव्या हाताने ठेका सांभाळावा : केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीवर जोर, पाचवीवर हलका हात, दादऱ्याच्या सहांत पहिली ठसठशीत, चौथी मऊ. खरे सांगायचे तर भजनाला पेटी आणि ढोलकीच बरी, असे माझे मत आहे. पण पेटीवाला नसेल त्या रविवारी एवढे पुरते.

कॅनडातील हॅलिफॅक्स शहरात जे. चाल्मर्स डोन ह्या संगीतशिक्षकाने १९६७ पासून शाळांतून युकुलेलीद्वारे मुलांना संगीत शिकविले. प्रत्येक मुलाच्या हाती वाद्य असल्याने सर्व वर्ग एकदम वाजवी, स्वर वाची, गाई. आपल्याला प्रत्येकाला वाद्य देणे परवडणार नाही. दोन मुलांत एक द्यावे. एक वाजवील तेव्हा दुसऱ्याने ऐकावे, आणि मग त्याने सांगावे. ऐकणाऱ्याचे शिक्षण येथे सुरू होते.

ते सांगणे कसे असावे? गाणे संपेपर्यंत मध्ये बोलू नये. मग काय नीट झाले ते नेमके सांगावे. "छान वाजविलेस" याने मुलाला काही कळत नाही, "दुसऱ्या ओळीत ठेका सुटला नाही" याने कळते. त्यानंतर एकच सुधारणा सांगावी. मला पाच चुका ऐकू आल्या तरी चार मी पोटात ठेवतो, हे मला अजूनही जड जाते. चूक हातातली सांगावी, माणसातली नव्हे : "तुझी अनामिका उशिरा येते" आणि "तू आळशी आहेस" यांत फार अंतर आहे. लगेच तीच ओळ पुन्हा वाजवून घ्यावी, आणि पुढच्या रविवारी प्रथम त्याच जागेची चौकशी करावी, म्हणजे आपण मनापासून ऐकले होते हे मुलाला पटते. मोठी सुधारणा असेल तर अपुल्लोसासारखे बाजूला घ्यावे. याउलट, दुखेल म्हणून काहीच न सांगणे हेही प्रेम नव्हे. नीतिसूत्रे २७:६ येथे वाचावे. खोट्या वाहवेवर वाढलेले मूल मंडळीसमोर फसते तेव्हा ती वाहवा करणारे आम्ही मागच्या बाकांवर बसलेले असतो.

शिकणाऱ्यानेही विचारण्याची रीत शिकावी. "कसे झाले?" असे विचारले तर "बरे झाले" हेच उत्तर येणार. "जी सेव्हनला मी थांबतो का?" असे विचारावे. सौंसरचा शिक्षक आणि पांढुर्ण्याचा विद्यार्थी असेल तर मोबाईलवर एक कडवे भरून पाठवावे. शिक्षकाने तेच कडवे स्वतः वाजवून परत पाठवावे. आपले वाजविणे स्वतः ऐकले की निम्म्या चुका कोणी न सांगता कळतात, हा माझा अनुभव आहे, आणि तो फारसा सुखद नव्हता.

तो मुलगा त्या नाताळात वाजवावयास उभा राहिला नाही. घरी मी त्याची क्षमा मागितली होती, पण ती पुरेशी नव्हती. ज्या मुलांसमोर मी त्याला बोललो होतो त्यांच्यासमोर ती मागणे भाग होते, आणि ते मी जानेवारीत केले. ईस्टरला तो मागच्या रांगेत बसून वाजवीत होता. हल्ली माझी बोटे एफला अडतात तेव्हा तो गाणे संपेपर्यंत काही बोलत नाही. मग जवळ येऊन हळूच सांगतो, "सर, मधलं बोट आधी ठेवा."

शिक्षकांच्या बैठकीत पुढील गोष्टींवर चर्चा करावी. आपल्या वर्गातील कोणते मूल वाजविणे किंवा गाणे सोडून गेले, आणि शेवटचे शब्द त्याला कोणी काय सांगितले होते? प्रिस्किल्ला व अक्विल्ला सभास्थानातच बोलले असते, तर अखयातील मंडळ्यांचे काय झाले असते? १ करिंथ १४:७-८ येथे पौल वाद्याच्या स्पष्ट स्वराचा दाखला देतो. आपल्या उपासनेतील साथ त्या कसोटीला कितपत उतरते? बैठकीला एक युकुलेली न्यावी आणि प्रत्येक शिक्षकाने सीवरून जी सेव्हनला जाऊन पाहावे.