स्मृतींतील कोठार केवढें असावें?

गणकयंत्रांत माहिती ठेवण्याच्या मुख्य जागा दोन. चकती हें दप्तर, आणि रॅम ही पाटी. वीज जातांच पाटी कोरी होते. परंतु तिच्यावरील लिहिणेंवाचणें फार जलद, म्हणून लिनक्स प्रणालींत या पाटीवरच फायलींचें कोठार मांडण्याची सोय आहे. तें केवढें करतां येईल, याचा आम्ही येथें विचार करूं.

स्मृतीच्या प्रत्येक बाइटास घरक्रमांकासारखा एक पत्ता असतो. सन १९७८ च्या इंटेल ८०८६ प्रोसेसरचा पत्ता २० बिटांचा, म्हणून त्याची धांव १०,४८,५७६ बाइटांपर्यंत. सन १९८५ च्या ८०३८६ चा पत्ता ३२ बिटांचा. त्यानें ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे चार गिगाबाइट, गांठतां येतात. सन १९९५ च्या पेंटियम प्रोनें ३६ बिटांचे पत्ते योजून ही मर्यादा ६४ गिगाबाइटांवर नेली.

पण येथेंच खरी मेख आहे. अशा ३२ बिटी यंत्रावर लिनक्सचा गाभा सामान्यतः पहिल्या ८९६ मेगाबाइटांसच सरळ हात घालूं शकतो. पलीकडील स्मृतीस तो तात्पुरती खिडकी उघडूनच पोहोंचतो. टीएमपीएफएस या कोठारांतील फायलींचा मजकूर पलीकडे ठेवतां येतो. प्रत्येक फायलीची नोंद मात्र अलीकडेच ठेवावी लागते. लक्षावधि चिमुकल्या फायली केल्या, तर पलीकडे कित्येक गिगाबाइट रिकामे असूनहि अलीकडे दाटी होते! यास्तव या कोठारांत बाइटांप्रमाणेंच नोंदींच्या संख्येवरहि मर्यादा घातलेली आहे.

सन २००३ पासून आलेल्या ६४ बिटी ऑप्टेरॉन प्रोसेसरांत आभासी पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे २५६ टेराबाइटांचा झाला, आणि पत्त्यांची चणचण सरली. उरली ती प्रत्यक्ष रॅमची. आपण निराळें न सांगितल्यास टीएमपीएफएसची मर्यादा रॅमच्या निम्मी धरली जाते. आठ गिगाबाइट असल्यास चार. ही जागा आधींच अडविली जात नाहीं. लिहावें तेवढीच खर्ची पडते, आणि अडचण झाल्यास कांहीं भाग चकतीवरील स्वॅपमध्यें हलवितां येतो. याचा वडील बंधु रॅमएफएस यास मात्र ना मर्यादा, ना स्वॅप. लिहीत गेल्यास तो सर्व स्मृति गिळून यंत्र जागच्याजागीं खिळवितो; म्हणून तेथें लिहिण्याची मुभा सामान्यतः यंत्राच्या व्यवस्थापकासच देतात.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं लिनक्स आहे, त्यांनीं 'टीएमपी' ही फायलींची जागा अवश्य तपासावी. कित्येक वितरणांत ती रॅममध्येंच असते; रात्रीं तेथें ठेवलेला निबंध यंत्र बंद होतांच नाहींसा होतो.