टिपणातील खुणा

सर बोलतात त्या वेगाने आपला हात चालत नाही. अशा वेळी खुणा कामी येतात. ∴ म्हणजे 'म्हणून'. तीच उलटी केली (∵) की 'कारण'. ↑ वाढ, ↓ घट, ≠ समान नाही. = ही खूण रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली वापरली, ती तेच ते शब्द पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठीच!

उदाहरणार्थ, 'पाऊस ↓ ∴ पीक ↓ ∴ भाव ↑'. पाऊस कमी, म्हणून पीक घटले, म्हणून भाव वाढले.

मात्र टिपण त्याच रात्री पूर्ण वाक्यांत उतरवावे. आठवड्याने आपलीच खूण आपल्याला उमगत नाही. उत्तरपत्रिकेत शब्दच लिहावेत. ज्याला गाईड परवडत नाही, त्याची वही हेच त्याचे गाईड.